काय झालं ते न सांगता : मनावरच्या घावासाठी अमूर्त चित्रं, अगदी पहिल्या कागदापासून

"बोलता येत नाही, रंगवून बघू का?" असं विचारत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नसतो. काहींना तर 'तुला चित्रकला जमत नाही' हे लहानपणी इतक्यांदा ऐकवलेलं असतं की कोरा कागद समोर ठेवला तरी त्यांचे खांदे कानापर्यंत चढतात. हा लेख अशांसाठी आहे. मी अमूर्त चित्रं काढते. उपचारतज्ज्ञ नाही, आणि त्याने काय फरक पडतो ते पुढे येईलच. माझ्यावर काय गुदरलं होतं ते या लेखात कुठेही येणार नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते न सांगताही काम होतं, आणि मला या वाटेने जाता आलं ते त्याचमुळे.

अमूर्तच का?

घडलेला प्रसंग जसाच्या तसा काढायचा म्हटला की ती खोली काढावी लागते, तो रस्ता काढावा लागतो, तो चेहरा काढावा लागतो. काढता काढता आपण पुन्हा तिथेच जाऊन उभे राहतो, शिवाय तपशील नीट आठवायची मेहनतही आपणच घेतलेली असते. अमूर्त चित्रात ना खोली, ना चेहरा. उरतं ते वजन, वेग, दाब, दाटी आणि रिकामी जागा. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत असेल, तर कागदाच्या वरच्या भागात एक जड काळपट ठोकळा येतो आणि खाली त्याला कशीबशी तोलून धरणारी बारीक रेघ. एवढंच. बघणाऱ्याला ठोकळा दिसेल, तुमची गोष्ट दिसणार नाही.

शब्द अडतात यात तुमचा कमकुवतपणा नाही. 1996 साली मानसोपचारतज्ज्ञ स्कॉट राउख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघात भोगलेल्या आठ माणसांना त्यांचीच आठवण ऐकवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन, म्हणजे कोणता भाग किती काम करतोय हे दाखवणाऱ्या प्रतिमा, घेतल्या. बोलण्याशी ज्याचा संबंध आहे, त्या ब्रोका नावाच्या भागातलं काम तेवढ्यापुरतं मंदावलेलं दिसलं. माणसं आठच होती, त्यामुळे यावर मोठी इमारत रचू नये. पण 'तोंडातून शब्दच फुटत नाही' म्हणणाऱ्याला आपण नाटक करत नाही एवढा दिलासा मिळाला तरी पुष्कळ झालं.

नवख्यांची आणखी एक सोय म्हणजे इथे काहीच 'हुबेहूब' यायचं नसतं. मात्र याचा अर्थ कसाही रंग फासला की झालं, असा नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणायलाही तयार नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारी, म्हणत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. बाकीचा वेळ ते रिकामे बसलेले नसत, ते बघत असत. तुम्हालाही निम्मा वेळ बघण्यातच घालवायचा आहे.

रंग उघडण्याआधी

स्वतःला काही गोष्टी प्रामाणिकपणे विचारा. झोप पार उडाली आहे का? प्रसंग आत्ता, या क्षणी घडतोय असं वाटायला लावणारे झटके येतात का? महिना उलटून गेला तरी घराबाहेर पडवत नाही, कुणाशी बोलवत नाही, असं आहे का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांशी किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन मदतसेवेशी बोला. बाकीच्यांपैकी एकाचं जरी 'हो' असलं तरी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली दिलेल्या मार्गदर्शनात आघातोत्तर ताणविकारासाठी (पीटीएसडी) आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर बोलून काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या जोडीने आठवणीवर काम करणारा उपचार) यांची शिफारस आहे. रंगवणं त्याच्या जोडीने चालू शकतं, त्याच्या जागी नाही.

आणि 'कला उपचार' नावाचा स्वतंत्र व्यवसाय आहे, हेही ठाऊक असू द्या. इंग्रज चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगातून बरे होत असताना आरोग्यधामात चित्रं काढत, इतर रुग्णांकडूनही काढून घेत. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनी 1942 मध्ये रूढ केला असं मानतात. आज त्यासाठी रीतसर प्रशिक्षण असतं, देखरेखीखाली काम करावं लागतं. मी सांगतेय ती स्वतःची स्वतः करायची बैठक. दोन्हींची गल्लत करू नका, आणि कुणी चित्रकार 'मी तुम्हाला बरं करतो' म्हणाला तर दोन पावलं मागे सरका.

चित्रकार असल्याने कुणी आपोआप बरं होत नाही. अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोंच्या चित्रांपुढे उभं राहून लोक रडतात, पण खुद्द रॉथकोंनी 1970 मध्ये आपलं आयुष्य संपवलं. उलट जपानी कलाकार यायोई कुसामांना लहानपणापासून भास होत. त्या 1977 मध्ये आपणहून मनोरुग्णालयात राहायला गेल्या आणि जवळच्याच स्टुडिओत जाऊन काम करत राहिल्या. मला हा दुसरा नमुना नेहमी जवळचा वाटतो. रुग्णालय एकीकडे, स्टुडिओ दुसरीकडे, आणि मध्ये चालण्याचा रस्ता.

सामान: कोणता रंग किती हाताबाहेर जातो

दुकानात गेलं की माणूस रंगांच्या छटा बघत बसतो. तुम्ही आधी बघायचं ते वेगळंच. हातातलं साधन तुमच्या ताब्यात राहतं, की वाहून जातं? 1978 साली सँड्रा केगिन आणि विजा लुझेब्रिंक यांनी कला उपचारांसाठी जी मांडणी केली, तिचा एक धागा हाच आहे. पेन्सिल, खडू, कापलेला कागद यांसारखी घट्ट साधनं माणसाला सावरून धरतात, विचाराकडे नेतात. पातळ रंग, बोटांनी फासायचे रंग भावना पटकन वर आणतात. मला हे कळण्याआधीच हाताने कळलं होतं. ओल्या कागदावर निळ्याचा एक थेंब सोडला आणि तो थांबेचना. तो पसरत गेला तसतसं माझ्या पोटात काहीतरी सुटत गेलं. त्या दिवशी ते मला झेपलं नाही.

म्हणून सुरुवात तेलखडूंनी, म्हणजे ऑइल पेस्टलने. दाबलं तर गडद, हलकं धरलं तर पुसट. सांडत नाहीत, ओघळत नाहीत. दोन-तीन बैठकांनंतर ॲक्रिलिक. जलरंग त्याच्याही नंतर. तैलरंग इतक्यात नकोच. त्याच्या टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत डोक्यात जातो आणि थर वाळायला कित्येक दिवस लागतात. ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळतं, चुकलं तर त्यावरून पुढचा थर देता येतो.

कागद ए-फोर मापाचा, 210 बाय 297 मिलिमीटर, जाड. खडूला 200 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरमागे कागदाचं ग्रॅममधलं वजन) चालेल, पाणी येणार असेल तर 300 जीएसएमचा घ्या, नाहीतर तो पोळीसारखा फुगतो. कॅनव्हास नको. कॅनव्हास समोर आला की माणूस 'चित्र' काढायला लागतो. ॲक्रिलिकच्या पाच ट्यूब पुरतात. पांढरा, काळा, एक निळा, एक लाल आणि पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर. पांढरी मोठी घ्या, तीच सगळ्यात आधी संपते. एक रुंद सपाट ब्रश, एक मध्यम, फडकं, पाण्याची दोन भांडी, खरवडायला जुनं प्लास्टिकचं कार्ड. आणि मास्किंग टेप. टेप विसरू नका. खोडरबर मात्र आणूच नका.

चौकट, तीही दोन प्रकारची

पहिली चौकट वेळेची. वीस ते पंचवीस मिनिटं, गजर लावून. 2016 मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं हवं ते बनवू दिलं, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन-चतुर्थांश जणांमध्ये ते उतरलं, आणि आधी कलेचा सराव होता की नव्हता याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे 45 मिनिटं बसायला हरकत नाही, पण ते मोकळेपणी काही बनवण्यासाठी. दुखरी जागा घेऊन बसणार असाल तर निम्मा वेळ बास.

वेळ दिवसाउजेडीची ठेवा. मी सुरुवातीला मध्यरात्री बसले होते. घर झोपलेलं, समोर माझ्या उंचीचा कागद भिंतीवर, हातात काळा रंग. तीन तास एकसारखी फिरवत राहिले. मोठं काहीतरी घडतंय असं वाटत होतं. घडलं ते एवढंच की पुढच्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि त्यानंतर तीन महिने मी रंगाला शिवले नाही. कोपरापर्यंत काळे झालेले हात धुताना मोरीत पाणी काळंच येत राहिलं होतं, तेवढं मात्र अजून दिसतं. त्या रात्री तीन चुका होत्या. वेळ चुकली, माप चुकलं, आणि थांबायचं कधी हे ठरवलेलंच नव्हतं.

बसायची जागा अशी घ्या की पाठीशी भिंत येईल आणि दार नजरेच्या टप्प्यात राहील. पाठीमागून कुणी आलं की दचकणाऱ्यांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही. घरातल्यांना सांगून ठेवा की अर्धा तास हाक मारू नका. आणि बैठकीनंतर ज्याला सहज फोन करता येईल असं एक माणूस मनाशी धरून ठेवा. चित्राबद्दल बोलायला नव्हे, इकडचं तिकडचं बोलायला.

दुसरी चौकट टेपची. कागदाच्या चारही कडांना मास्किंग टेप लावून तो पाटावर किंवा टेबलावर चिकटवा, साधारण बोटभर रुंदीची पट्टी झाकली जाईल असा. टेप नखाने दाबून घ्या. रंग कितीही उधळला तरी या कडेपाशी तो थांबणार आहे. शेवटी टेप काढला की पांढरीशुभ्र सरळ किनार उरते आणि आतला सगळा गोंधळ अचानक कुठेतरी बसवलेला दिसतो. माझ्याकडे आलेली माणसं या क्षणी हमखास "अरे!" म्हणतात.

पहिली बैठक: नुसती रेघ

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिक्षक योहानेस इटेन विद्यार्थ्यांकडून आधी श्वासाचे आणि हालचालीचे व्यायाम करून घेत, मग हातात कोळसा देत. त्यांच्याकडे शिकलेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी चेक प्रदेशातल्या तेरेझिनच्या वस्तीत नाझींनी कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवली, तीही अशाच तालाच्या रेघांपासून. 1944 मध्ये त्यांना ऑशविट्झला मारण्यात आलं. त्यांनी दोन सुटकेसमध्ये ठेवून दिलेली मुलांची सुमारे 4,500 चित्रं मात्र उरली. त्या परिस्थितीत त्यांनी मुलांना 'तुझं दुःख काढ' असं सांगितलं नव्हतं, हे मी स्वतःला वारंवार आठवून देते.

तर एकच तेलखडू घ्या. रंग कोणताही. श्वास आत घेताना रेघ वर, सोडताना खाली. कागदाच्या डावीकडून उजवीकडे जा, पोचलात की खालच्या ओळीत या. रेघ थरथरली तर थरथरू द्या. मध्येच श्वास अडकला तर रेघही तिथेच अडवा आणि ठिपका द्या. दहा मिनिटांनी खडू ठेवा, टेप काढा, मागे तारीख टाका. संपलं. 'एवढंच?' असं वाटणार आहे. हो, एवढंच.

दुसरी आणि तिसरी बैठक

दुसऱ्या वेळी दाब. मनात शून्य ते दहा अशी पट्टी धरा, दहा म्हणजे असह्य. आजच्या दिवसातली तीन-चारच्या आसपासची एखादी गोष्ट निवडा. गाडी चुकली, कुणी मध्येच बोलणं तोडलं. मोठ्या जखमेला हात लावू नका, अगदी तीच वर येऊ बघत असली तरी. ती तीन-चारची चिडचिड अंगात कुठे बसली आहे ते शोधा. जबडा? खांदा? तिथे जेवढा जोर जाणवतो तेवढ्या जोराने खडू दाबा. मग मुद्दाम हलका करा. पुन्हा दाबा. पुन्हा हलका. शिकायचंय ते जाणं नाही, जाऊन परत येणं.

तिसऱ्या वेळी दोन्ही हातांत एकेक खडू घ्या आणि एकदमच गोल गोल गिरगोट्या काढा. डावा हात वेडावाकडा जातो, उजवा त्याला सांभाळून घ्यायला बघतो, थोड्या वेळाने दोघांचं जमतं. पाच मिनिटं पुरेत. मग कागद चारही बाजूंनी फिरवून बघा. त्या गुंत्यात एखादा आकार लक्ष वेधून घेईल, त्यात रंग भरा. त्याला नाव देऊ नका. पक्षी दिसला तरी 'पक्षी' करू नका, चोच काढायचा मोह आवरा.

थर

ॲक्रिलिकवर आलात की खरी मजा सुरू होते. इथे घाई करू नका, एकाच कागदावर चार-पाच बैठका बसलात तरी चालेल.

पहिला थर पिवळ्या मातीचा, थोडं पाणी घालून, रुंद ब्रशने सगळीकडे. का, तर पांढरा कागद भेडसावतो. तो गेला की अर्धी भीती जाते. वाळू द्या. दुसरा थर तुमचा. आज जे जड आहे ते इथे ठेवा. काळा आणि निळा मिसळून गडद करा, लाल ओढा, जे वाटेल ते. शब्द सुचलेच तर तेही ब्रशने लिहा. इथे लिहिलेलं कुणी वाचणार नाही, कारण तिसऱ्या थरात ते झाकलं जाणार आहे.

तिसऱ्या थराला पांढऱ्यात किंचित काळा आणि पिवळी माती घालून करडा करा, सायीसारखा दाट. कार्डाने तो खालच्या थरावर ओढा. आता नीट बघा. करडा सगळीकडे सारखा बसत नाही. खालचा रंग जिथे जाड होता तिथे कार्ड अडखळतं आणि लालाची कड उघडी राहते. जिथे खाली सपाट होतं तिथे करडा गुळगुळीत होऊन बसतो. तुम्ही लिहिलेल्या शब्दातल्या एखाद्या अक्षराचा काना तेवढा वर डोकावत असतो. तो झाकायचा की राहू द्यायचा हे तुम्ही ठरवायचं, आणि उद्या ते बदललंत तरी चालतं.

करडा ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने त्यात एक रेघ खरवडा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला खालून काळं निघेल असं वाटलं होतं. निघालं पिवळं. काळ्याच्याही खालचं, मीच पहिल्या दिवशी लावून विसरलेलं. काळा थर तिथे पातळ पडला असणार, दुसरं काही नाही. तरी मी बराच वेळ ब्रश हातात धरून बसून होते.

खोडरबर का नको म्हटलं ते आता लक्षात आलं असेल. खोडलं की कागद पुन्हा कोरा असल्याचा आव आणतो. थरात खालचं खालीच असतं, त्याचा पोत वरून बोटाला लागतो, फक्त आता ते एकटंच दिसत नाही.

थांबायची खूण

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी 1999 मध्ये 'सहनशीलतेची खिडकी' अशी कल्पना मांडली. खिडकीच्या आत आपल्याला त्रास होतो, पण आपण आपल्याला सापडतो. वर गेलो की धडधड, घाम, हात थांबेनासा होणं. खाली गेलो की बधिरपणा, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं, मिनिटं कुठे गेली ते न कळणं. नवख्यांना वरची बाजू चटकन ओळखू येते. खालची येत नाही, उलट 'किती शांत वाटतंय' असा गैरसमज होतो. रंग वाळून गेला तरी ब्रश तसाच हातात आहे, गजर झाला तो ऐकूच आला नाही, असं झालं तर ती शांतता नव्हे.

दोन्ही बाबतींत एकच करा. ब्रश खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, गार पाण्याने हात धुवा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. मग चित्रावर एक कोरा कागद ठेवून ते झाका. हवंच असेल तर खडू घेऊन पहिल्या बैठकीतल्या श्वासाच्या रेघा काढा. त्या दिवशी पुन्हा चित्राकडे वळू नका. अर्धवट राहिलं तर राहू दे.

बरं वाटत असतानाही एकदा मुद्दाम गजराच्या आधी थांबून बघा. ज्यांच्या बाबतीत 'थांब' म्हटलेलं कुणी कधी ऐकलंच नाही, त्यांना स्वतःच्या 'थांब'ला स्वतःचाच हात ऐकतो हे बघणं फार वेगळं असतं.

रागाचं काय करायचं

रंग भिंतीवर भिरकावण्याची चित्रफीत प्रत्येकाने पाहिलेली असते आणि प्रत्येकाला ते करायचं असतं. फ्रेंच-अमेरिकी कलाकार निकी द सेंट फाल यांनी तर 1961 पासून प्लास्टरखाली रंगाच्या पिशव्या दडवून त्यावर बंदुकीने गोळ्या झाडल्या, आणि रंग ओघळून झालेलं ते चित्र. लहानपणी वडिलांकडून झालेल्या अत्याचाराबद्दल त्यांनी उघडपणे लिहिलं ते 1994 मध्ये, म्हणजे तीसहून अधिक वर्षांनी. पण त्या कसलेल्या कलाकार होत्या, आणि प्रत्येक पिशवी कुठे ठेवायची ते आधी ठरवत.

नुसतं भिरकावल्याने राग जातो, यावर माझा विश्वास नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये छापलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी झाला नाही, वाढला. म्हणून रागाला अडथळा द्या. दाट रंग पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, घ्या, खरखरीत पुठ्ठ्यावर लावा, हाताला जोर करावा लागेल असा. किंवा आधीचा रंगवलेला कागद फाडा, अगदी टरटर आवाज करत, आणि मग तेच तुकडे डिंकाने नव्या कागदावर एकेक करून चिकटवा. फाडायला एक मिनिट लागतं, चिकटवायला वीस. ती वीस मिनिटंच कामाची.

झालेल्या चित्रांचं काय

अर्थ लावू नका. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, असल्या याद्या सगळीकडे फिरतात. माझ्याकडे येणारी एक बाई फक्त काळ्याने रंगवायची आणि तिला त्यात रात्रीचा गारवा मिळायचा. दिवसा तिला धास्ती वाटायची. यादी बघून कुणी तिला काय सांगितलं असतं?

कुणाला दाखवू नका, निदान पहिले दीड महिना. 'छान आहे' हे सुद्धा घातक, कारण पुढचं चित्र त्या 'छान'साठी निघतं. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणं तर अजिबात नको. अमेरिकी अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉक 1939-40 च्या सुमारास ज्या मनोविश्लेषकाकडे जात, त्याला आपली रेखाटनं नेऊन देत. पोलॉक वारले 1956 मध्ये, आणि 1970 मध्ये त्या विश्लेषकाने ती 83 रेखाटनं विकून टाकली. पुढे प्रदर्शनं, पुस्तक आणि पोलॉक यांच्या पत्नी ली क्रॅसनर यांनी केलेला दावा. बंद खोलीतलं काम कसं बाहेर पडतं बघा. तुमचं काम तुमच्या उपचारतज्ज्ञांना दाखवायचं ठरवलंत तरी ते जपायचं कसं आणि परत मिळणार का, हे आधीच विचारून घ्या.

मागे तारीख, आणि हवी तर एक ओळ. 'आज खांदा दुखत होता' इतपत. सगळं एका फोल्डरमध्ये, फोल्डर दाराआड. जाळून टाकावंसं वाटलं तर महिनाभर थांबा, मग खुशाल जाळा.

किती दिवस

आठवड्यातून दोन बैठका, सहा आठवडे. त्याआधी निकाल लावू नका. बैठकीनंतर तासभर मन जड राहणं नेहमीचं आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या, मनातलं दुखरं लिहून काढायच्या प्रयोगांतही माणसं लिहून उठल्यावर आधी उदास होत, फायदा दिसायचा तो नंतर. पण जडपणा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, किंवा दर बैठकीगणिक वाढत गेला, तर आवरतं घ्या आणि तज्ज्ञांना सांगा.

फरक पडतोय हे कळतं कशावरून? चित्रं सुंदर होत नाहीत, ते विसरा. गजर ऐकू यायला लागतो. रिकामी जागा भरून टाकायची घाई कमी होते. एखाद्या दिवशी रंगवायचा कंटाळा येतो, आणि तो नुसता कंटाळा असतो.

बारा कागद झाले की सगळे जमिनीवर मांडा, तारखेच्या क्रमाने. उभं राहून बघा, मग खुर्चीवर चढून बघा. बारापैकी एखाद्यावर नजर पुन्हा पुन्हा जाईल, बहुधा तुम्ही फसलं म्हणून बाजूला ठेवलेल्यावर. ते भिंतीला टेकवून ठेवा आणि तेरावा कागद त्याच्यापुढे बसून सुरू करा. या वेळी टेप तीनच कडांना लावा. चौथी उघडी राहू द्या, तुम्हाला हवी ती, आणि रंग तिथपर्यंत न्यायचा की नाही ते ब्रश तिथे पोचल्यावर ठरवा.